विक्रीस आलेले धूपपात्र : सेलाडॉनची साक्ष

प्राचीन चिनी सेलाडॉनचे धूपपात्र लिलावगृहाच्या सूचीत किंवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे विक्रीस ठेवले जाते, तेव्हा त्यासोबतचे वर्णन बहुधा चार-पाच ओळींपलीकडे जात नाही. सेलाडॉन झिलईचे तीन पायांचे धूपपात्र, लुंगछुआन भट्टी, दक्षिण सोंग राजवट, नंतरच्या काळातील लाकडी झाकणासह, पूर्वी एका खासगी संग्रहात, अशा धर्तीचे हे वर्णन असते. वाचणाऱ्याला ते एकच विधान वाटते. प्रत्यक्षात मात्र त्यात वस्तूचे द्रव्य, तिचा उपयोग, तिचे स्थळ, तिचा काळ आणि तिची मालकी यांविषयीची पाच स्वतंत्र विधाने एकत्र बांधलेली असतात, आणि त्यांतील प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या जातीचा असतो. काही पुरावा पात्राच्या अंगावर असतो, काही उत्खननातून मिळालेल्या सजातीय वस्तूंच्या तुलनेतून येतो, तर काही केवळ कागदांत असतो. या पाचही विधानांना एकाच मापाने खरे किंवा खोटे ठरवू पाहणे हे अशा खरेदीविक्रीतील बहुतेक फसगतींचे मूळ आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असून त्यासाठी सूचीतील वर्णनाचा एकेक अंश क्रमाने तपासला आहे.

द्रव्य आणि रंग

सेलाडॉन म्हणजे लोहाचा अल्प अंश असलेल्या झिलईमुळे हिरवट किंवा निळसर हिरवा रंग आलेली, उच्च तापमानाला भाजलेली मातीची भांडी. झिलई हा भांड्यावर भट्टीत वितळून बसणारा काचेचा थर होय. त्यात साधारणतः एक ते तीन टक्के लोहाचे ऑक्साइड असते, आणि तेवढ्याच लोहापासून पिवळट, तपकिरी किंवा हिरवा यांपैकी कोणता रंग निघेल हे भट्टीतील हवेवर अवलंबून असते. हवा मोकळी असेल तर लोह ऑक्सिजनशी पुरते संयोग पावते आणि झिलई पिवळट होते. उलट हवेची वाट आवळून धूर कोंडला, तर जळणातील कार्बन झिलईतल्या लोहाकडून ऑक्सिजन ओढून घेतो, या क्रियेला क्षपण म्हणतात, आणि त्या अवस्थेतील लोह हिरवी छटा देते. सुमारे १,२०० अंश सेल्सियसच्या वर गेलेल्या आणि डोंगरउतारावर लांबच लांब बांधलेल्या भट्टीत ही अवस्था तासन्‌तास टिकवणे हे कौशल्याचे काम असल्यामुळे, एकाच भट्टीतून एकाच दिवशी निघालेल्या भांड्यांतही रंगाचा फरक पडे. म्हणून केवळ हिरव्या रंगावरून काळ किंवा स्थळ ठरवता येत नाही.

चीनमध्ये अशा भांड्यांची परंपरा दीर्घ आहे. झेजियांग प्रांतातील युए भट्ट्या, शाआन्शी प्रांतातील याओझोऊ येथील कोरीव नक्षीची गडद हिरवी भांडी, हुइझोंग सम्राटाच्या (कारकीर्द इ. स. ११००–११२६) दरबाराशी निगडित असलेली हेनान प्रांतातील रू भांडी, राजधानी हांगझोऊला हलल्यावर तेथे दरबारासाठी घडवलेली ग्वान भांडी, आणि झेजियांगच्याच नैर्ऋत्य भागातील लुंगछुआन परिसराची भांडी ही त्यातील मुख्य नावे. विक्रीस येणाऱ्या धूपपात्रांत लुंगछुआनचा वाटा मोठा असतो, कारण तेथील उत्पादन दरबारापुरते मर्यादित नव्हते. देशांतर्गत बाजार आणि सागरी निर्यात या दोन्हींसाठी त्या दऱ्याखोऱ्यांतील शेकडो भट्ट्या अनेक शतके चालल्या. दक्षिण सोंग काळात, म्हणजे ११२७ मध्ये उत्तर चीन गमावल्यानंतर १२७९ पर्यंत दक्षिणेत टिकलेल्या सोंग राजवटीत, येथील कारागिरांनी झिलईचे घटकच बदलले. पूर्वीच्या चुनखडीप्रधान आणि पटकन ओघळणाऱ्या झिलईऐवजी त्यांनी पोटॅशियमचे प्रमाण अधिक असलेली घट्ट झिलई तयार केली आणि तिचे एकावर एक थर चढवले. या जाड थरात अडकलेले सूक्ष्म बुडबुडे व अर्धवट विरघळलेले कण प्रकाश पसरवतात. त्यामुळे पृष्ठभाग काचेसारखा लखलखीत न होता जेड या मौल्यवान दगडासारखा मऊ आणि खोल दिसतो. चिनी संस्कृतीत जेडला जे नैतिक आणि विधिविषयक महत्त्व आहे ते पाहता, हे साम्य कारागिरांनी हेतुतः साधले असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

आकार आणि उपयोग

वर्णनातील दुसरे विधान वस्तूच्या उपयोगाचे असते. महाराष्ट्रातील घरांत देवापुढे फिरवले जाणारे धुपाटणे हातात धरून धूर सर्वत्र पोहोचवण्यासाठी असते, तर चिनी धूपपात्र सामान्यतः वेदीवर किंवा मेजावर स्थिर ठेवण्यासाठी घडवलेले असते, आणि त्याची घडण या स्थिरतेला अनुसरून होते. पात्रात बारीक चाळलेली राख भरली जाई, राखेच्या पोटात पेटता कोळसा पुरला जाई, वरच्या बाजूस उष्णतेला वाट ठेवून तिच्यावर अभ्रकाचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवला जाई, आणि त्या पत्र्यावर अगरू, चंदन, कस्तुरी इत्यादींच्या मिश्रणाची गोळी मंद तापवली जाई. सुगंधी द्रव्य न जळता केवळ तापल्यामुळे धूर कमी होई आणि गंध अधिक शुद्ध राही. सोंग काळात गंधद्रव्यांच्या मिश्रणांविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले, आणि धूप जाळणे, चहा घुसळणे, चित्रे टांगणे व फुले मांडणे ही चार कामे सुसंस्कृत जीवनाची अंगे मानली गेली.

पात्राचा आकार मात्र स्वयंपाकाच्या किंवा नित्य व्यवहाराच्या भांड्यांवरून न घेता, त्या काळी दोन हजार वर्षे जुन्या झालेल्या कांस्यपात्रांवरून घेतलेला असे. तीन पायांची डिंग ही कढई, फुगीर पायांचे ली पात्र आणि दोन कानांचे गुई पात्र ही प्राचीन राजघराण्यांच्या यज्ञविधींतील भांडी होती. सोंग काळातील विद्वानांना त्यांचे मोठे आकर्षण होते. ल्यू दालिन याने १०९२ मध्ये प्राचीन पात्रांची सचित्र सूची सिद्ध केली आणि पुढे हुइझोंगच्या राजसंग्रहाचीही तशीच सूची झाली. उत्तरेच्या पराभवात दरबाराची विधिपात्रे हातची गेली, तेव्हा हांगझोऊच्या नव्या दरबाराने अनेक विधिपात्रे मातीची करवून घेतली, आणि कांस्याचे आकार सेलाडॉनमध्ये उतरण्याच्या प्रक्रियेला त्यामुळे राजमान्यतेचे बळ मिळाले. लुंगछुआनच्या ली आकाराच्या धूपपात्रांत खांद्यापासून प्रत्येक पायापर्यंत एक उभी कड उतरते. ती मूळ कांस्यपात्रावरील धातूच्या कडेची आठवण असून, भट्टीत वितळलेली झिलई त्या कडेवरून दोन्ही बाजूंना सरकल्यामुळे तेथे आतील फिकट माती पांढऱ्या रेषेसारखी दिसू लागते. अशा पात्रांच्या पायांना असणारी बारीक छिद्रे पोकळीत कोंडलेली हवा आणि वाफ भाजताना बाहेर पडावी यासाठी ठेवलेली असतात. अननुभवी ग्राहकाला ती दोष वाटतात, तर जाणकाराला ती घडणीची खूण वाटते.

मंदिरांतील धूपपात्रांची कथा थोडी वेगळी आहे, कारण तेथे पात्र एकटे नसे. वेदीवर मध्यभागी धूपपात्र आणि दोन्ही बाजूंस फुलदाण्या, पुढे त्यांच्या जोडीला दीपाधार, असा संच मांडला जाई. ब्रिटिश म्यूझियममध्ये ठेवलेल्या डेव्हिड फुलदाण्या नावाच्या प्रसिद्ध निळ्या-पांढऱ्या जोडीवरील लेखात, १३५१ साली झांग वेन्जिन नावाच्या भक्ताने एक धूपपात्र आणि फुलदाण्यांची जोडी मंदिराला अर्पण केल्याचे म्हटले आहे. फुलदाण्या जगभर विख्यात झाल्या, तरी त्या संचातील धूपपात्र आजवर सापडलेले नाही. ही फुलदाण्यांची जोडी सेलाडॉनची नसली, तरी विक्रीस येणाऱ्या प्रत्येक वेदीपात्राविषयी ती एक मूलभूत गोष्ट शिकवते : ज्या संचात वस्तूला अर्थ होता त्यातून ती सुटी झालेली असते, आणि सूचीत तिचे वर्णन स्वयंपूर्ण कलाकृती म्हणून केले गेले तरी ती मुळात एका मांडणीचा भाग होती.

स्थळ आणि काळ

स्थळ आणि काळ यांविषयीच्या विधानांना आधार देणारा सर्वात विश्वासार्ह पुरावा तारीख ठाऊक असलेल्या सजातीय वस्तूंचा असतो. वर उल्लेखलेल्या फुलदाण्या ज्यात आहेत त्या ब्रिटिश म्यूझियममधील डेव्हिड संग्रहातच १३२७ चा लेख असलेली लुंगछुआनची एक मोठी मंदिर-फुलदाणी आहे. चौदाव्या शतकातील जाड घडण आणि उठावाची नक्षी ओळखण्यास ती मापदंड ठरते. सिचुआन प्रांतातील सुइनिंग येथे १९९१ मध्ये सापडलेल्या साठ्यात ९८५ चिनी मातीची भांडी होती आणि त्यांत दक्षिण सोंगच्या उत्तरकालीन लुंगछुआन भांड्यांचा मोठा समूह होता. मंगोल स्वाऱ्यांच्या काळात तो पुरला गेला असावा, असे सामान्यतः मानले जाते. याहून नेमकी तारीख कोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ बुडालेल्या सिनान जहाजाने दिली. १९७५ मध्ये मच्छीमारांच्या जाळ्यात आलेल्या भांड्यांवरून या जहाजाचा शोध लागला आणि १९७६ पासून त्याचे उत्खनन झाले. त्यातील लाकडी पट्ट्यांवरून ते १३२३ मध्ये निंगबोहून जपानमधील हाकाताकडे निघाले होते हे सिद्ध झाले, आणि त्यातील वीस हजारांहून अधिक भांड्यांपैकी निम्म्याहून जास्त लुंगछुआनचे सेलाडॉन निघाले. विक्रीस आलेल्या धूपपात्राची घडण सिनानमधील पात्रांशी जुळत असेल, तर त्याला दक्षिण सोंगचे म्हणण्याआधी युआन, म्हणजे मंगोल राजवटीचा विचार करणे भाग पडते. या दोन काळांतील किमतीचा फरक मोठा असल्यामुळे विक्रेत्याचा कल नेहमी जुन्या तारखेकडे असतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

पात्राच्या तळाची साक्ष त्याच्या दर्शनी बाजूपेक्षा अधिक बोलकी असते. लुंगछुआनच्या मातीत लोह असल्यामुळे, जेथे झिलई नाही अशी पायाची कड भट्टी थंड होताना हवेच्या संपर्काने नारिंगी किंवा विटकरी होते, तर झिलईखालची माती राखाडी-पांढरी राहते. मिंग काळातील (१३६८–१६४४) पात्रे जाड आणि वजनदार होत जातात, झिलई अधिक काचेसारखी होते, आणि मोठ्या भांड्यांच्या तळाशी भट्टीत त्यांना टेकवणाऱ्या आधारनळीमुळे झिलई नसलेले तांबूस कडे उरते. नळकांड्याच्या आकाराच्या, भोवती आठ त्रिरेखी भविष्यचिन्हांचा पट्टा उठवलेल्या आणि आखूड पायांच्या धूपपात्रांची मोठी संख्या युआन-मिंग काळातील आहे. त्यांतील अनेकांत भार तळाच्या मधल्या कड्यावर येतो आणि तीन पाय केवळ शोभेसाठी उरतात. पृष्ठभागावरील भेगांचे जाळे माती आणि झिलई यांच्या आकुंचनाच्या वेगवेगळ्या प्रमाणामुळे निर्माण होते. ते ग्वान भांड्यांत सौंदर्याचा भाग मानले गेले, परंतु ते प्राचीनतेचे प्रमाण नव्हे, कारण नव्या भांड्यावर ते हवे तेव्हा आणता येते.

नकला आणि अनुकरणे यांत भेद करणे येथे आवश्यक आहे. छिंग राजवटीत योंगझेंग (१७२३–१७३५) आणि चियेनलोंग (१७३६–१७९५) या सम्राटांच्या आज्ञेने जिंगडेझेनच्या राजभट्टीत जुन्या सेलाडॉनची अनुकरणे झाली आणि त्यांवर त्या-त्या कारकिर्दीची मुद्रा उमटवली गेली. त्यांचा हेतू फसवणुकीचा नव्हता, त्यांची पोर्सेलिनची माती पांढरीशुभ्र असते आणि ती स्वतःच आज मौल्यवान आहेत. विसाव्या शतकात लुंगछुआनमध्ये या हस्तकलेचे पुनरुज्जीवन झाले आणि २००९ मध्ये तेथील पारंपरिक भाजणीच्या तंत्राचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. तेथील आजचे कारागीर जुन्या घडणीची उत्तम पात्रे स्वतःच्या नावाने विकतात. अशाच पात्राच्या पायाला माती चोळून, झिलई घासून आणि आत राख घालून ते आठशे वर्षांचे म्हणून विकले जाते, तेव्हा मात्र ती लबाडी ठरते. तापदीप्ती चाचणीत भाजलेल्या मातीतील स्फटिकांनी निसर्गातील किरणोत्सर्गातून साठवलेली ऊर्जा उष्णतेने प्रकाशरूपात मोकळी करून शेवटच्या भाजणीपासूनचा काळ अजमावला जातो. ही चाचणी उपयुक्त असली तरी निर्णायक नाही. नव्या वस्तूवर कृत्रिम किरणोत्सर्ग देऊन किंवा जुन्या तळाचा तुकडा नव्या पात्राला जोडून तिला चकवता येते.

प्रवास आणि मालकी

लुंगछुआनच्या भांड्यांचा व्यापार पूर्वेस जपानपासून पश्चिमेस इराण, इजिप्त आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरला होता. भारतीय उपखंडही या जाळ्यात होता : तमिळनाडूतील पेरियपट्टिणम येथे लुंगछुआनचे तुकडे मिळाले आहेत, आणि दिल्लीतील फिरोजशहा कोटल्यात सापडलेल्या तुघलककालीन चिनी भांड्यांत सेलाडॉनचाही समावेश आहे. मोगल आणि दख्खनी दरबारांत सेलाडॉनच्या हिरव्या ताटांना घोरी म्हणत आणि विषारी अन्न वाढल्यास ताट तडकते किंवा रंग बदलते असा समज होता. ही मागणी प्रामुख्याने ताटवाडग्यांची होती, धूपपात्रांची नव्हे. त्यामुळे भारतातील जुन्या घराण्यातून आलेले म्हणून एखादे चिनी धूपपात्र दाखवले गेले, तर त्या दाव्याची कागदपत्रे विशेष बारकाईने पाहावी लागतात. मुंबईत चिनी कलावस्तू पाहण्याची सोय मुख्यतः छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, आणि तेथील त्या दालनाचा पाया टाटा कुटुंबीयांच्या, विशेषतः १९१८ मध्ये निधन पावलेल्या सर रतन टाटा यांच्या संग्रहाने घातला आहे. तो सागरी व्यापाराचा अवशेष नसून आधुनिक संग्राहकाच्या निवडीचा परिणाम आहे.

जपानमध्ये मात्र धूपपात्रांना स्वतंत्र चरित्र लाभले. नागोया येथील तोकुगावा कलासंग्रहालयातील ‘चिदोरी’ हे दक्षिण सोंग काळातील सेलाडॉन धूपपात्र तळाच्या कड्यावर टेकते आणि त्याचे तीन पाय जमिनीपासून किंचित वर राहतात. एक पाय उचलून उभ्या राहणाऱ्या चिदोरी या किनारपक्ष्यावरून त्याला हे नाव पडले. ते जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे आणि पुढे तोकुगावा इएयासूच्या घराण्याकडे राहिले. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातील बाकोहान या सेलाडॉन वाडग्याविषयी सांगितले जाते की, पंधराव्या शतकात शोगुन, म्हणजे लष्करी शासक, आशिकागा योशिमासा याने तो तडकल्यामुळे बदली वाडग्यासाठी चीनला पाठवला, परंतु तसा वाडगा आता घडत नाही म्हणून धातूच्या चापांनी जोडून तोच परत आला. या दोन्ही वस्तूंचे मोल केवळ त्यांच्या झिलईत नाही; कोणाच्या हाती त्या केव्हा होत्या, त्यांना काय झाले आणि ती दुखापत लपवली गेली की मिरवली गेली, याची नोंद त्यांच्यासोबत टिकली हेही त्यांचे मोल आहे.

आजच्या विक्रीत हीच बाब मालकीच्या इतिहासाच्या रूपाने निर्णायक ठरते. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध आयात-निर्यातीविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० मध्ये झाला. भारताने तो १९७७ मध्ये आणि चीनने १९८९ मध्ये स्वीकारला. त्यामुळे १९७० पूर्वी वस्तू उगमदेशाबाहेर होती हे दाखवणारे बिल, जुनी सूची, प्रदर्शनातील चिठ्ठी किंवा छायाचित्र यांना बाजारात मोठे वजन आले. भारतात पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था यांनाच आहे. वस्तू चिनी आहे एवढ्याने ती या कायद्याबाहेर जात नाही. ‘पूर्वी एका खासगी संग्रहात’ ही शब्दयोजना कायद्याच्या आणि विद्वत्तेच्या दोन्ही दृष्टींनी जवळजवळ निरर्थक आहे, कारण तीत काळ नाही, स्थळ नाही आणि पडताळण्याजोगे काहीही नाही.

झाकण आणि दुरुस्ती यांचा विचारही येथेच येतो. अनेक सोंग धूपपात्रे मुळात झाकणाविना वापरली जात. छिंग काळातील चिनी संग्राहकांनी त्यांना जेडची मूठ असलेली लाकडी झाकणे आणि बैठका करून घेतल्या, तर जपानी संग्राहकांनी जाळीदार चांदीची झाकणे बसवली. अशी जोड मुळाहून नवी असली तरी ती वस्तूच्या मालकीची मूक नोंद असते, आणि ती टाकून पात्र ‘मूळ’ रूपात विकणे म्हणजे पुराव्याचा एक दुवा नष्ट करणे होय. घासून सरळ केलेली तोंडाची कड, पुन्हा बसवलेला पाय, रंगाने झाकलेली चीर हे दोष अतिनील प्रकाशात बरेचदा उघड होतात. ते वर्णनात आले नाहीत, तर इतर विधानांवरील विश्वासही त्या प्रमाणात कमी व्हायला हवा.

किमतीचा अर्थ

२०१७ मध्ये हाँगकाँग येथे सोदबीज्‌च्या लिलावात रू भांड्यांपैकी कुंचले धुण्याचे एक छोटे पात्र २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरांना विकले गेले. जगात अशी रू भांडी शंभरापेक्षाही कमी उरली असल्यामुळे आणि त्यांतील बहुतेक संग्रहालयांत असल्यामुळे हा आकडा दुर्मीळतेचा होता. लुंगछुआनच्या धूपपात्राचे मोल त्यावरून काढता येत नाही. लुंगछुआनची पात्रे मोठ्या संख्येने टिकली आहेत, आणि म्हणूनच दोन सारख्याच दिसणाऱ्या पात्रांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक पडतो, तो रंगाची प्रत, शाबूतपणा आणि कागद या तीन गोष्टींमुळे. यांतील पहिल्या दोन डोळ्यांना दिसतात. तिसरी दिसत नाही, पण एकदा हरवली की कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा तयार करता येत नाही.

यातून खरेदीदारासाठी आणि त्याहूनही सार्वजनिक संग्रहालयांसाठी एक शिस्त निघते. सूचीतील वर्णनाचा क्रम द्रव्यापासून मालकीकडे जातो. तपासणीचा क्रम उलटा असावा, म्हणजे आधी मालकी, मग दुरुस्ती, मग तळ आणि माती, त्यानंतर सजातीय वस्तूंशी तुलना, आणि सर्वात शेवटी रंगाचे सौंदर्य. सौंदर्य आधी पाहिले की मन पुढचे पुरावे उदारपणे स्वीकारू लागते, आणि विक्रेत्याला हे चांगलेच ठाऊक असते. विक्रेत्यावरही तितकीच जबाबदारी येते : पात्रावर प्रत्यक्ष काय दिसते, तुलनेवरून काय अनुमान केले आहे आणि काय केवळ ऐकीव आहे, हे तीन भाग वर्णनात स्वतंत्रपणे मांडले गेले, तर ग्राहकाची फसवणूक टळेलच, शिवाय पुढच्या पिढीतील अभ्यासकाला त्या सूचीचा साधन म्हणून उपयोग करता येईल. धूपपात्र आपल्या वेदीपासून आणि संचापासून केव्हाच तुटलेले असते. ती तूट भरून काढणे बाजाराच्या हाती नाही, परंतु ती आणखी न वाढवणे हे बाजाराचे किमान कर्तव्य आहे.